चिपळूणचं स्वयंपाकघर लोणारला

मोरेश्वर खातू प्रवासात घरच्या सामानानं चहा टाकत, तेव्हा पहिल्या उकळीला त्यांचं चिपळूणचं स्वयंपाकघर तिथे येई, चहा गरम असेपर्यंत थांबे आणि निवला की परत जाई. यात नवल करण्यासारखं काही नव्हतं. पावडर घरची, साखर घरची, आलं परसातलं, स्टो, पातेलं आणि गाळणी घरची असली की कुणाचंही येतं. दूध आणि पाणी बाहेरचं चालतं. म्हणून तर लॉजवाले दारामागे पाटी लावतात, की खोलीत घरचा चहा करणाऱ्यांनी स्वयंपाकघराचं माप आधी सांगावं.

मोरेश्वरांचा धंदा फिरतीचा. शाळांच्या प्रयोगशाळांना चंचुपात्रं आणि परीक्षानळ्या विकायच्या. सोमवारी निघायचं, शनिवारी परतायचं. आज मेहकर, उद्या चाळीसगाव, परवा अंबाजोगाई. एका पिशवीत काचसामानाचे नमुने, दुसऱ्या पिशवीत चहाचं सामान. बाहेरचा चहा त्यांना चालत नसे. टपरीवरच्या चहाचं नाव काढलं तरी तोंड कडू करायचे.

आता स्वयंपाकघर येतं म्हटल्यावर त्यात जे असेल तेही येणारच. ओटा, मोरी, फडताळ, पाटावर निवडायला घेतलेली मेथी आणि मेथी निवडणारी कुमुदिनी. ती त्यांची बायको.

लग्नानंतर पहिल्यांदा गेली तेव्हा ती घाबरली होती. कढईत फोडणी तडतडत होती, मान वर केली तर माजघराच्या जागी लोखंडी खाट, खाटेवर नवरा. "अगं, हे भुसावळ," मोरेश्वर म्हणाले. "चहा घे." इतकंच. पुढे सवय झाली. चारच्या सुमाराला ती हातातलं काम उरकून, केसांवरून कंगवा फिरवून, पाटावर बसून राही. शेजारच्या पेवेकर वहिनी चारला कधीच येत नसत. एकदा आल्या होत्या. पोह्यांची बशी घेऊन उंबऱ्याबाहेर पडल्या आणि मागे वळून बघतात तो स्वयंपाकघर गायब, माजघराच्या दारातून थेट विहीर दिसतेय. बाईंनी बशी तिथेच खाली ठेवली आणि परत चारच्या वेळेला पाऊल टाकलं नाही.

मोरेश्वर पिशवीतून दोन कप काढत. एक स्वतःला, एक तिला. तिच्या ओट्यावर ढीगभर कप होते, पण तिला ते पिशवीतल्याच कपात देत. दोघं उंबऱ्याच्या दोन बाजूंना बसत, ती आत, ते खोलीत. तिकडच्या हेडमास्तरांनी किती चकरा मारायला लावल्या ते सांगत. ती दळण, नळ, पोराचा ताप सांगे. मग चहा निवत आला की म्हणत, "आत सरक. निवतोय." ती घाईघाईनं कप उंबऱ्यापलीकडे ठेवी, तळाशी घोटभर तसाच राही, आणि पुन्हा माजघर, पुन्हा चिपळूण.

"मी गेल्यावर तुम्ही काय करता हो?" ती कधीतरी विचारी.

"काय करणार? कपबशी विसळतो."

उंबरा ओलांडायची मात्र सोय नव्हती. एकदा तिनं पाय बाहेर टाकला तेव्हा मोरेश्वर केवढ्यानं ओरडले! "काय करतेस? खोली एकाची घेतलीय!" माणूस तसा सरळ. शिवाय चहा निवला आणि ती बाहेरच राहिली, तर अनवाणी, कनवटीला दमडी नाही, अशा बाईनं परगावाहून यायचं कसं? हे तिलाही पटत होतं. पटलं म्हणून मन थोडंच गप्प बसतं! सबंध महाराष्ट्र फिरली कुमुदिनी, आणि बघितलं काय? खाट, पंचा, भिंतीवरची पाल. खिडकी बंद, कारण वाऱ्यानं स्टो फडफडतो.

फक्त एकदा, लोणारला, खिडकीची कडी मोडलेली होती. वाऱ्यानं एक फळी उघडली आणि खाली, खूप खाली, तिला पाणी दिसलं. हिरवट, गप्प, जराही न हलणारं. तिनं कप खाली ठेवला आणि मान लांब केली. तेवढ्यात मोरेश्वरांनी उठून फळी लावली, पुढ्यात खुर्ची सरकवली.

"ते काय होतं?"

"तळं. आकाशातून दगड पडून झालंय म्हणतात."

"बघू द्या ना जरा."

"पाणीच आहे गं. आपल्याकडे काय पाणी कमी आहे?"

चिपळूणच्या माणसाचं हे म्हणणं खोटं कसं म्हणावं? पण कुमुदिनीच्या मनातून ते तळं गेलं नाही. मुलगा मोठा झाला, नोकरीला लागला, सून आली, ती दोघं बडोद्याला गेली, तरी गेलं नाही. भांडी घासताना मोरीत पाणी तुंबलं की ती हात थांबवून बघत बसे. लोणारचा पुरवठा दुसऱ्या विक्रेत्याकडे गेल्यामुळे तिथे पुन्हा चहा झालाच नाही.

मग मोरेश्वर निवृत्त झाले. चहाची पिशवी माळ्यावर गेली. चार वाजता ते पुलाच्या कट्ट्यावर मित्रांमध्ये जाऊन बसू लागले, आणि स्वयंपाकघर जागच्या जागी राहू लागलं. सुरुवातीला तिला बरं वाटलं. एकदाची डाळ न सांडता शिजते, म्हणाली. पण चार वाजले की पाटावर जाऊन बसे, केसांवरून कंगवा फिरवून. बसल्या बसल्या माजघराच्या दाराकडे बघे. दारातून माजघरच दिसे. तिला रडूच यायचं, आणि का येतंय ते कुणाला सांगायची सोय नाही.

एका गुरुवारी ती म्हणाली, "मी लोणारला जाऊन येते."

मोरेश्वरांनी पेपर खाली केला. "एकटी?"

"तुम्ही चला."

"मी फिरून फिरून विटलोय, कुमुद. आणि दोघंही गेलो तर स्वयंपाकघर रिकामं येणार. रिकाम्या स्वयंपाकघराला बोलावून करायचं काय?"

हेही बरोबर होतं. थोड्या वेळानं तेच उठले, माळ्यावरून पिशवी काढली, स्टोच्या पिनेपासून सगळं तपासून दिलं. पावडर भरली. आलं फडक्यात बांधलं. दोन कप कागदात गुंडाळले.

"दोन कशाला? मी एकटीच तर आहे."

"असू दे. लागतो."

तिला विचारायचं होतं, की चारला तुम्ही घरी असाल ना, कट्ट्यावर नाही ना जाणार? पण ओठांवर आलेलं तिनं गिळलं. इतकी वर्षं ती बसली ती काय कुणी विनवणी केली म्हणून? आपण होऊन बसली. त्यांनीही आपण होऊन बसावं. नसेल बसायचं तर राहू दे बापडं. असं ती स्वतःशी ठणकावून म्हणाली, आणि पुण्यापर्यंत तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

बसमध्ये कंडक्टरनं पिशवी बघून विचारलंच. "घरचा चहा का, मावशी? गाडीत पेटवू नका हं. मागे एकानं कुंभार्ली घाटात पेटवला, स्वयंपाकघर रस्त्यात आडवं. खाली ट्रकांची ही रांग! आणि आत त्याची सासू, जागची हलायला तयार नाही."

"मी लोणारला जाऊनच पेटवणार आहे," कुमुदिनी म्हणाली.

लोणारला लॉजवर सोनुने नावाचे मॅनेजर होते. वयस्कर, कानात अत्तराचा बोळा. त्यांनी तिच्या पिशवीकडे बघितलं आणि चष्मा लावला.

"माप काय जी तुमच्या स्वयंपाकघराचं?"

"दहा बाय बारा. मोरी धरून."

"मंग नाही जमत. खोली आपली दहा बाय दहा हाये. मोरी भिंतीतून बाहेर निघते. त्या बाजूला बँकेचे साहेब झोपतात." त्यांनी विचार केला. "तुम्ही असं करा, ताई. तळ्याच्या काठावर मोकळी जागा हाये, तिथं लावा. पण कठड्याच्या अलीकडं. उतारावर लावू नका, स्वयंपाकघर घसरते. आतून कोण येनार हाये?"

"आमचे हे." मग ती म्हणाली, "म्हणजे, बसले असतील तर."

सोनुन्यांनी चष्मा काढला. "खोली एकाचीच लिहू ना?"

"एकाचीच."

काठावर जाऊन तिनं बघितलं आणि तिचे पायच थबकले. त्या दिवशी फळीतून दिसलं होतं ते हातभर होतं. हे सगळं होतं. मोठ्या ताटासारखं गोल, भोवती गच्च झाडी, आणि खाली ते हिरवं, न हलणारं पाणी. कुठूनतरी मोर ओरडत होता. मनासारखं झालं की माणसाला आनंद होतो म्हणतात. कुमुदिनीला झालाही. पण पाठोपाठ असं वाटलं की आत्ता कुणाच्या तरी दंडाला धरून "अहो, ते बघा" म्हणावं, आणि दंड काही हाताला लागेना.

चारला तिनं कठड्याच्या आडोशाला स्टो लावला. वारा होता. पदर धरून आडोसा केला, पंप मारला, आधण ठेवलं, आलं दगडावर ठेचलं. आत्ता कट्ट्यावर पाटणकर मास्तर आले असतील. शेंगदाण्याची पुडी फुटली असेल. हे पहिल्यापासून शेंगदाण्याचे लोभी. स्वयंपाकघर येईल, त्यात ओटा असेल, मोरी असेल, गॅसवर झाकलेलं दूध असेल, आणि पाट रिकामा असेल. मग तो चहा कुणाच्या घशाखाली उतरणार? एकदा वाटलं, स्टो बंदच करावा. न बोलावलेलं बरं. तेवढ्यात चहा वर आला.

स्वयंपाकघर आलं. गवतावर नीट, सपाट बसलं.

पाट रिकामा होता.

कुमुदिनीनं सांडशी खाली ठेवली. दोन्ही कप तिनं आधीच मांडले होते; त्यातला एक उचलून परत कागदात गुंडाळायला घेतला.

"अगं, उशीर किती!" मोरीतून आवाज आला. मोरेश्वर उठून उभे राहिले, लेंगा गुडघ्यापर्यंत वर, हातात खराटा. "बारापासून बसलोय. बसून बसून कंटाळलो, म्हटलं मोरी तरी धुवावी. ही दुसऱ्यांदा."

"कट्ट्यावर नाही गेलात?"

"चारला? भलतंच काय!" ते म्हणाले. लेंगा खाली केला, हात पुसले, केसांवरून कंगवा फिरवला आणि उंबऱ्याच्या आत पाटावर येऊन बसले.

तिनं चहा गाळला. डोळे भरून आले होते, त्यामुळे थोडा बशीत सांडला. त्यांनी कप घेतला आणि तिच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"पाणीच आहे," ते म्हणाले.

"हो."

"पण गोल आहे."

"हो ना! मी तेच म्हणत होते."

मग त्यांनी घरचं सांगितलं. दूधवाला पैसे मागून गेला. पेवेकर वहिनींनी आमटी दिली, खारट होती. ती प्रवासाचं सांगत होती, घाटातल्या सासूचं सांगितलं तेव्हा ते मोठ्यानं हसले. हसता हसता त्यांचा एक पाय उंबऱ्याबाहेर, गवतावर आला.

"पाय आत घ्या," ती म्हणाली. "खोली एकाची घेतलीय."

त्यांनी पाय आत घेतला. "बरोबर आहे."

वाऱ्यानं चहा लवकर निवत होता. तिनं पातेल्याला हात लावून बघितला. आता म्हणायला हवं होतं, आणि म्हणवत नव्हतं. इतकी वर्षं हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं. म्हणणाऱ्याला ते इतकं जड जातं हे तिला माहीत नव्हतं.

"आत सरका. निवतोय."

त्यांनी कप उंबऱ्यापलीकडे, तिच्या बाजूला गवतावर ठेवला.

"संपवा की. घोटभर राहिलाय."

"राहू दे तेवढा," मोरेश्वर म्हणाले आणि आत सरकले.

स्वयंपाकघर गेलं. जिथे होतं तिथे गवत दबलेलं होतं, मोरीच्या कोपऱ्यात थोडं ओलं. समोर तळं होतं तसंच होतं. मोर आता ओरडत नव्हता. कुमुदिनी बसून राहिली. खाट, पंचा, बंद खिडकी, आणि खोलीत एकटे मोरेश्वर, असं सगळं तिला दिसलं.

थोड्या वेळानं सोनुने काठावर आले. "झाला का चहा, ताई? आले होते का ते?"

"आले होते. गेले."

"उद्या निघता ना?"

"एक दिवस राहते म्हणते. उद्याही चारला टाकेन."

"टाका. फक्त कठड्याच्या अलीकडं," असं म्हणून ते गेले.

मग तिनं त्यांचा कप उचलला. तळाशी घोटभर होता, पार गार झालेला. तो तिनं प्यायला, आणि दोन्ही कपबश्या विसळल्या.