मार्करने बंद केलेला गीझर

शारजात उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चटके देतं. म्हणून आम्ही गीझर बंद ठेवतो आणि गरम पाण्याचा नळ उघडून गीझरमध्ये निवलेल्या गार पाण्याने आंघोळ करतो. ही पद्धत इथे कोणालाच चमत्कारिक वाटत नाही, त्यामुळे मलाही वाटत नाही.

यंदा बिल्डिंगने बाथरूम नव्याने सजवलं. गीझरचं भिंतीवरचं बटण टाइल्सच्या नक्षीत बसेना, म्हणून ते काढून तारा थेट जोडून टाकल्या. पुढे गीझर गळू लागला. दुरुस्तीला बिल्डिंगचा कामगार खैरुद्दीन आला आणि बटण शोधू लागला.

“थर्मोस्टॅट आहे ना? तोच बटण,” बिल्डिंगचे सुपरवायझर सुदेश म्हणाले.

“साब, ये सिर्फ कम होता है, बंद नहीं होता. पानी ठंडा हुआ तो खुद चालू. और मेरा हाथ अंदर रहेगा.”

माझा मुलगा सुजीत एका कंपनीत सेफ्टी मॅनेजर आहे. त्याने नियम सांगितला. थर्मोस्टॅटला बटण मानायचं, तर त्यावर ‘ऑफ’ची खूण हवी आणि त्या खुणेवर करंटच्या सगळ्या तारांचा संपर्क तुटायला हवा.

सुदेशनी मार्कर काढला आणि थर्मोस्टॅटच्या चकतीवर सर्वांत खालच्या ठिपक्याशी सुवाच्य अक्षरांत ‘ऑफ’ लिहिलं.

“आणि तारा?” मी हळूच विचारलं.

“काका, तपासणी बाहेरून होते,” म्हणत त्यांनी तपासणी झाल्याचं हिरवं स्टिकर चिकटवलं.

खैरुद्दीनने हात खिशात घातले. “मेन बंद करो. दस मिनट.”

मेन बंद म्हणजे एसी बंद.

“बाबा, दहा मिनिटांत भिंती तापतात हो,” सूनबाई मुग्धा म्हणाली.

“नो वे, आजोबा. आय ॲम मिड-गेम,” नातू वेदांग म्हणाला.

सुजीतची ऑनलाइन कार्यशाळा सुरू झाली होती. विषय होता, ‘धोका दिसताच काम थांबवा’. माइक बंद करून तो ओरडला, “यल्ला भाई, जल्दी करो, ऑफ लिखा है ना!”

खैरुद्दीनने ते नीट वाचलं. मग दाराआडचा मेनचा खटका खाली ओढला.

एसी थांबला. कार्यशाळाही थांबली. गीझर दुरुस्त झाला, खैरुद्दीनचा हात शाबूत राहिला आणि संध्याकाळी बिल्डिंगकडे आमच्या सह्यांची तक्रार गेली: कामगाराने पूर्वसूचना न देता बेजबाबदार वर्तन केले. तक्रारीचं शुद्धलेखन मी तपासलं.

खैरुद्दीनला आता पलीकडच्या उम्म अल कुवैन अमिरातीत धाडलंय. त्याच्या जागी आलेला माणूस फार चांगला आहे. ‘ऑफ’ वाचतो आणि थेट हात घालतो.

तुम्ही त्या तक्रारीवर सही केली नसती, याची मला खात्री आहे. एवढंच विचारतो, हे वाचताना तुमच्या खोलीत बरं गार आहे ना?