किनवटची चारची फाईल

गफूरचाचा समोरच्यानं सुरुवात केल्याशिवाय काहीच करत नाहीत. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून बसतात, पण कुणी "घ्या चाचा" म्हणेपर्यंत घास उचलत नाहीत. एकदा आम्ही सगळे विसरलो. सुट्टी संपली, चाचांनी भरलेला डबा तसाच बंद केला! मी हादरलेच.

नांदेडच्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये सर्व्हर चाचांच्या ताब्यात. मी त्यांच्या हाताखाली. घराण्यातली पहिली पदवी माझी. तिची चौकट मुखेडच्या घरी दारासमोरच टांगलीय, आल्यागेल्याला दिसावी म्हणून.

पहिल्या दिवशी चाचांनी शिकवलं, "फाईल न्यायच्या-आणायच्या दोनच रीती. एक, शाखेतलं मशीन आपणहून सर्व्हरकडं येतं, रिपोर्ट टाकतं, लागंल ते घेऊन जातं. दुसरी, ठरल्या वेळी सर्व्हरच शाखेकडं जातो, उचलून आणतो नाहीतर ठेवून येतो. दार कुणी वाजवायचं, एवढाच फरक."

"मग आपली कोणती?"

"पहिली! सर्व्हर कुणाच्या दारात जात नसतो. ज्याला गरज, तो येईल."

फोनचंही तेच. आलेला घेणार, स्वतः कधी लावणार नाहीत. सख्ख्या भावाच्या घरी लग्न होतं, भाऊ स्वतः बोलवायला आला नाही म्हणून हे गेले नाहीत. वर मलाच म्हणाले, "मी कशाला जाऊ वं?"

परवा मी सर्व्हरचं वेळापत्रक साफ करत होते. चाकूर, मुखेड, सगळ्या शाखा आपणहून येणाऱ्या. एकच ओळ उलटी: रोज चार वाजता सर्व्हर स्वतः किनवटला जातो अन् एक इवलीशी फाईल उचलून आणतो. चाचांच्या राज्यात? जुनी चूक दिसतेय म्हणून मी ती बंद केली. स्वतःवर खूषही झाले.

चार वाजून पाच मिनिटांनी चाचा खुर्चीतून उठले. "किनवटची आली न्हाई."

"आले की चाचा, सगळे रिपोर्ट आले."

"रिपोर्ट न्हाई वं!" आवाज फाटला होता.

मी काय केलं ते सांगितलं. चाचा परत खुर्चीत बसले. मग त्यांनी एक फोल्डर उघडून दाखवलं. रोजची एक फाईल, फाईलमध्ये एकच ओळ. 'बरी हाय.' 'बरी हाय. डोकं दुखून राहिलं.' 'बरी हाय. पोरगं उभं राहिलं.'

"रेहाना. माझी लेक. किनवटच्या शाखेत हाय. मनानं लगीन केलं तिनं. चार साल झाले, बोलणं न्हाई." चाचा पडद्याकडंच बघत होते. "मी म्हणलं, ती येईल. ती म्हणली असंल, अब्बा येतील. मग सर्व्हरला धाडलं. पंधरा दिवस रिकाम्या हातानं परत आला. पण तिच्या मशीनवर दिसत असंल न, रोज चारला कुणीतरी येऊन जातंय. सोळाव्या दिवशी ठेवलं तिनं काहीतरी."

मी ती ओळ परत चालू केली अन् सर्व्हरला तिथल्या तिथं किनवटला पाठवलं. फाईल आली.

'बरी हाय. आज चारला आला न्हाईत. तब्येत बरी हाय न?'

चाचांनी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. मग टेबलावरचा फोन पुढं ओढला अन् एका बोटानं आकडे दाबायला लागले.

नंबर त्यांना तोंडपाठ होता.