टाकीची पाठवणी

दादा गेल्यावर पोहण्याच्या टाकीला दुपारी घरात घ्यायचं की नाही, हे मी तेराव्याला आलेल्या प्रत्येकाला विचारलं आणि कोणीच सांगितलं नाही.

टाकी आमच्या मागच्या अंगणात होती. दादा लोकांच्या फार्महाउसवर टाक्या बांधायचा. उरलेल्या निळ्या फरश्या वापरून त्यानं एक आपल्या पोरांसाठी, तनू आणि चिकूसाठी बांधली. पाणी सोडलं त्या दिवशी गुणाकाकूनं, नव्या विहिरीची भरतात तशी, खणानारळानं तिची ओटी भरली. तिथंच चुकलं. विहीर जाणती असते, ओटी घेऊन गप्प राहते. टाकी कोवळी होती. ओटी भरली म्हणजे आपण या घरची माहेरवाशीण, असं तिनं धरलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती पोरांची आत्या झाली.

आत्या म्हणून वाईट नव्हती. जेवणं झाली की मागच्या दारानं डुचमळत आत यायची, पसरून मालिका बघायची. आम्ही चपला कपाटावर ठेवायचो. वहिनीनं चहा विचारला की नको म्हणायची, आणि दिला की साखर कमी पडली म्हणायची. एकदा तिला हसू आवरलं नाही, तेव्हा घर गुडघाभर भरलं. आम्ही तरंगत्या पाटांवर बसून जेवलो. आमटी जिच्याकडं वाहत जाईल तिनं वाढायची, असं ठरलं.

फक्त तिला पोरं मांडीवर हवी असायची, आणि तिची मांडी पुरुषभर खोल होती. दादा असताना भीती नव्हती. पोरं अंगणात असली की तो काठावर स्टूल टाकून बसायचा आणि तिच्याकडं बघायचा. फोन नाही, गप्पा नाहीत. कोणी एकटक बघत असलं की ती लाजायची आणि मर्यादेत राहायची.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. पोरांकडं कोण बघतंय, असं विचारलं की मामा म्हणायचे काकू बघतायत, काकू म्हणायच्या एवढी माणसं आहेत की. मी पत्रावळी टाकायला मागं गेलो, तर चिकू काठावर पाय सोडून बसलेला.

"ये रे सोन्या," टाकी म्हणत होती. "आत्याकडं ये."

तो गेला. मी पत्रावळींसकट उडी मारली. बाहेर काढल्यावर तो पुष्कळ खोकला, मग म्हणाला, बाबा तळाशी आहे का ते बघत होतो. मी परत उडी मारून बघून आलो. नव्हता.

कुंपणासाठी मी ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवकांनी शांतपणे ऐकून घेतलं. टाकीला कुंपण घालता येतं, आत्याला नाही, असं ते म्हणाले. माहेरवाशिणीला रीतसर सासरी पोचवावं लागतं. पाणी वरच्या धरणातून आलेलं, तेव्हा सासर तेच ठरलं.

"सोडायला कोण जाणार?" त्यांनी विचारलं.

"भाऊ."

"भाऊ तर वारला ना?"

"धाकटा आहे."

वहिनीनं परत ओटी भरली, लाडूंचा डबा दिला. टाकी रडली, त्यामुळं अंगणात चिखल झाला. गुणाकाकू घसरली आणि बसल्याजागी तिला आशीर्वाद देऊन मोकळी झाली.

"भावजी, लवकर या," वहिनी म्हणाली.

मी म्हणालो, धरणावरही पोरं येत असतील. तिथं तिच्याकडं बघणारं कोणी मिळालं की येतो.

पोरं फाटकापर्यंत आली. तनूनं आत्याला टाटा केला.

"काका," चिकू म्हणाला, "तिथल्या तळाशी बघशील?"

बघतो म्हणालो. दादाचं स्टूल काखेत घेतलं, टाकीला पुढं घातलं, आणि पोरं मागं येऊ नयेत म्हणून फाटकाची वरची कडी लावली, जिथं त्यांचा हात पोचत नाही.