पालखीचा पुढचा खांदा

गेल्या वर्षी सासुरवाडीच्या जत्रेत पालखीला पुढचा खांदा देईन, असं मी जेवताजेवता बोलून गेलो. (तोंडात घास असताना बोलू नये, असं आई सांगायची. ऐकायला हवं होतं.)

सासुरवाडी खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. तिथं देवीची पालखी नुसती नेत नाहीत, नाचवतात. गुडघ्यात वाकायचं, उसळायचं, परत वाकायचं. पुढचा खांदा जावयाचा मान. पालखी कलंडली, तर वर्षभर होड्यांचं जे वाईट होईल ते जावयाच्या नावावर! सासरे दामाजी आबा फोनवर खूश. "नाव मारुती हाय तुमचा. दाखवा जोर!"

नाव मारुती, पण मांड्या पतपेढीच्या खुर्चीत पोसलेल्या. मला धडकीच भरली. मोबाईलवर बघून स्ट्रेचिंग सुरू केलं. जत्रेच्या दिवशी तर दुपारभर तेच. खिडकीच्या ग्रिलवर टाच ठेवायची, पुढं वाकायचं आणि तसंच थांबायचं.

"पाय काढा, टॉवेल वाळत घालायचाय," बायको, म्हणजे कल्पिता, म्हणाली.

"हा सराव आहे."

"हो का? मला वाटलं अडकलाय."

(अडकलाच होता.)

संध्याकाळी सासरी फेटा बांधत असताना मेव्हण्याची मुलगी भाविका आली. ती फिजिओथेरपी शिकते.

"काका, वॉर्म-अप केलात?"

"दुपारपासून ताणतोय!"

तिचा चेहरा उतरला. "धरून ठेवून? आणि फक्त मागची बाजू?"

"का गं?"

"खूप वेळ ताणून धरलं की स्नायूचा जोर थोडा वेळ कमी होतो. मांडीची पुढची बाजू म्हणजे इंजिन आणि मागची म्हणजे ब्रेक, असं समजा. तुम्ही नेमके ब्रेक ढिले केलेत. थोडं चालून, उठाबशा काढून अंग गरम करायचं असतं, काका."

"आता काय होईल?"

"काही नाही बहुतेक. फार तर स्नायू फाटेल."

शीळफाट्याच्या उतारावर ब्रेक गेलेला डंपर माझ्या डोळ्यांपुढं आला. डंपरच्या जागी मी, आणि डोक्यावर देवी.

ढोल घुमले. दांडा खांद्यावर आला. लोक होड्यांसाठी हात जोडत होते, मी फक्त उजव्या मांडीसाठी. "आई, आज सांभाळ, पुन्हा ग्रिलला पाय लावणार नाही." गल्लीमागून गल्ली निभावली. शेवटी गोदूबाईंच्या दारात आलो. गोदूबाई म्हणजे कल्पिताची काकू. तिला अख्खा कोळीवाडा टरकून असतो.

वाकलो. उठताना मांडीच्या मागं कुणीतरी खेकडा सोडल्यासारखं झालं. वर जाता येईना, खाली बसता येईना. पालखी जागच्या जागी थांबली. ढोलही थांबले.

"देवी अडली!" मागून कुणीतरी ओरडलं.

देवी ज्या दारात अडते, त्या घरानं तिचं काहीतरी देणं ठेवलेलं असतं, अशी तिथली समजूत. सगळी गल्ली गोदूबाईंकडं बघायला लागली. ती बाई पांढरीफटक!

"चुकले गो आई! तुझ्या नवसाची साडी मीच नेसले, हळदीला!"

खरं बोलावं तर आबांची लाज जाते. गप्प बसावं तर देवीला ठाऊक आहे ना, पेटका नेमका कुठं आलाय! साडी आली, पालखीवर चढली. नारळ फुटला. आबांनी हात जोडले, "चल गो आई."

पालखी हलेना.

"अजून काय ठेवलंस गं?" आबा गरजले.

गोदूबाई हातातल्या सोन्याच्या पाटल्या काढायला लागली.

"काकू, थांबा!" मी किंचाळलो. "देवी नाही अडली! माझी मांडी अडलीय!"

भाविका दांड्याखाली घुसली, माझा गुडघा सरळ केला, पोटरीखालून पाय धरला आणि मांडी चोळली. खेकड्यानं नांगी सोडली. पालखी उसळली.

"म्हंजे माझी साडी?" गोदूबाईंनी विचारलं. पण साडी नेसून देवी केव्हाच पुढच्या गल्लीत पोचलेली.

यंदा मला खांद्याचं आमंत्रण आलं नाही. जत्रेच्या दिवशी मी वर्तकनगरला आमच्या घरी, सोफ्यावर, पाय लांब करून बसलेलो. तेवढ्यात कल्पिताचा फोन वाजला. पलीकडं आबा होते, मागं ढोल थांबलेले.

"कल्पी, पालखी अडलीय. जावयांची मांडी बरी हाय ना?"

बरी आहे म्हटल्यावरच त्यांनी नारळ फोडला.