खेचरवाले आबा

आमचे शेजारी खंडूआबा माणसाच्या मानेवर थाप मारतात. पाठीवर नाही, खांद्यावर नाही, मानेवर. माझे सासरे पहिल्यांदा आमच्या श्रीगोंद्याच्या घरी आले, तेव्हा जिना चढताना त्यांनाही बसली. वर, "शाबास! गडी चढाला बरा हाय," असा शेरा. सासरे निवृत्त मुख्याध्यापक. जेवतानाही मान चोळत होते.

सवय फौजेतली. आबा कारगिलच्या लढाईत होते, पण खेचरवाले म्हणून. दारूगोळा आणि पीठ लादून खेचर डोंगरावर न्यायचं, हे काम. लढाईचं विचारलं की ते हिऱ्याचंच सांगतात. हिरा म्हणजे त्यांचं खेचर.

"लई मानी जनावर. वझं वाकडं बसलं तर पाऊल उचलायचा न्हाई. साहेब आला तरी न्हाई."

टपरीवर पोरं छेडतात, "आबा, खेचराला पेन्शन मिळती का वो?"

"न्हाई ना. त्याची बी मीच खातोय," म्हणत आबा बशी तोंडाला लावतात.

हिऱ्याचं पुढं काय झालं, ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. आम्हीही हसण्यापुरतंच ऐकायचो.

मागच्या महिन्यात आमच्या म्हाताऱ्या कुत्र्याचं, मोतीचं, दुखणं हाताबाहेर गेलं. इंजेक्शन देऊन सोडवू, असं डॉक्टर म्हणाले. ते यायच्या वेळेला मी गाडीची किल्ली उचलली. खोटं कशाला सांगू, मी पळत होतो. दारातच आबा भेटले.

"आबा, तुम्ही थांबाल का त्याच्याजवळ? मला बघवणार नाही."

"थांबतो की," आबा म्हणाले, पण दारातून हलेनात. "हिऱ्याचा पाय गोळ्यानं तुटला. साहेब म्हनले, सोडव त्याला. मी बंदूक जोडीदाराच्या हातात दिली आन् दगडाआड गेलो. कान झाकून बसलो."

"तुम्ही तरी काय करणार होतात?"

"हुबं ऱ्हायचं हुतं. जोडीदार मागनं म्हनला, त्यो शेवटपातुर मान वळवून तुलाच हुडकत हुता."

फाटक वाजलं. डॉक्टर आले होते.

मी किल्ली खुंटीला अडकवली, ओट्यावर बसलो आणि मोतीचं डोकं मांडीवर घेतलं. त्यानं माझा हात चाटला. आबांनी डॉक्टरांना "या" म्हटलं, पाण्याचा तांब्या माझ्याजवळ ठेवला, आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.