खुर्चीसकट बोलावणं

शेजारच्या बिल्डिंगमधल्या शालिनीला रीतभात म्हणून नाही. संक्रांतीचं हळदीकुंकू, आणि बोलावणं काय, तर मोबाइलवर! दोन पतंगांचं चित्र आणि खाली ‘सगळ्यांनी या’. सगळ्यांनी म्हणजे कोणी? भुसावळात बाई दारात यायची, कुंकू लावायची, "नक्की या हं" म्हणायची, तेव्हा कुठे पायात चप्पल जायची.

लेकाच्या बदलीमागे जयपूरला येऊन वर्ष होत आलं. इंदुमतीबाईंच्या दारात कुंकवाचा करंडा घेऊन कोणी आलं नव्हतं.

"मी नाही जायची," त्या सुनेला म्हणाल्या. "उचलबांगडी केलीत तरी नाही."

प्रियंका शालिनीसारखीच जयपुरात वाढलेली. "उचलबांगडी मतलब, आई?"

"मतलब दोघांनी हात धरायचे, दोघांनी पाय, आणि माणसाला उचलून न्यायचं. नको नको म्हणत असताना."

प्रियंका मान हलवून शालिनीच्या मदतीला गेली. बाईंचे यजमान शेषराव पतंग बघायला गच्चीवर. सगळी कॉलनीच गच्चीवर. खाली घरात इंदुमतीबाई आणि घड्याळ. बाईंनी काळी चंद्रकळा नेसली, नथ घातली, दाराकडे तोंड करून खुर्चीत बसल्या. आपल्या घरात नथ घालू नये असा काही कायदा नाही.

बऱ्याच वेळानं बेल वाजली. दार उघडून त्या तोऱ्यात परत खुर्चीत बसल्या. मागोमाग शालिनी, प्रियंका आणि आणखी दोघी.

"काकू, तुमच्यात उचलून नेतात म्हणे," शालिनी म्हणाली. "हात-पाय धरायला भीती वाटते हो. खुर्चीसकट चालेल?"

"अगं, काहीतरीच काय! नको! नको!"

"नको म्हणतायत," प्रियंका हरखली. "म्हणजे बरोबर आहे. उचला!"

जिन्यात खुर्ची अडकली. समोरच्या गच्चीवरून कोणीतरी ओरडलं, "अम्माजी को अटैक आया!" मांजा टाकून चार पुरुष धावले, खुर्ची हिसकावली आणि दवाखान्याच्या दिशेनं सुटले. मागे शालिनी, "भैया, हल्दीकुंकू! हल्दीकुंकू!"

शेषरावांनी वरून वाकून पाहिलं. "अरे भैया, नथ पहनके कोई अस्पताल जाता है? बगलवाली बिल्डिंग में छोड़ दो!"

खुर्ची वळली. थेट शालिनीच्या बैठकीत टेकली.

शालिनीनं कुंकू लावलं, हातात तिळगूळ ठेवला. "काकू, चुकलं का काही? उचलबांगडी अशीच असते ना?"

बाईंनी नथ सरळ केली.

"नाही गं शालिनी. उचलबांगडीत माणसाला यायचं नसतं. मी दुपारपासून नेसून बसले होते."