वकिलांची लेखी परीक्षा

मुलांनो, डोळे मिटा आणि एक खोली डोळ्यांसमोर आणा. मिटलेत? अरे, उघडा, उघडा! मिटल्या डोळ्यांनी वाचणार कसं? चूक माझीच. उघड्या डोळ्यांनीच बघा.

तिसऱ्या मजल्यावरचं घर. बाहेरच्या खोलीत चार टेबलं, चारींची तोंडं चार दिशांना. तसं खरं टेबल एकच, जेवणाचं. दुसरं शिवणयंत्र, तिसरं इस्त्रीचं आणि चौथं म्हणजे दोन स्टुलांवर आडवा टाकलेला कॅरम बोर्ड. प्रत्येकावर एक कागद आणि टोक काढलेली पेन्सिल. दारावर मोठ्या अक्षरांत पाटी: ‘शांतता राखा. कॉपी करणाऱ्याची गय केली जाणार नाही.’

शाळा वाटली ना? छे! ही वकिलांची परीक्षा होती. आणि ती घेणार होते भिंगरीचे आजोबा.

भिंगरी नऊ वर्षांची. एका जागी बसत नाही म्हणून भिंगरी. आजोबा चाळीस वर्षं शाळेत होते, त्यातली पंधरा हेडमास्तर. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली होती, पण ते अजून भाजीसुद्धा दहापैकी गुण देऊन घ्यायचे. वांगी सहा, टोमॅटो साडेसात.

आता या आजोबांना करायचं होतं मृत्युपत्र. घाबरू नका, आजोबा चांगले ठणठणीत होते! मृत्युपत्र म्हणजे आपल्यामागे घर कोणाचं, वस्तू कोणाच्या, हे आपण असतानाच नीट लिहून ठेवायचा कागद. आजोबांच्या थोरल्या भावानं तो लिहिलाच नव्हता. तो गेला आणि त्याच्या मुलांनी घर विकून टाकलं. तेव्हापासून आजोबांची वहिनी एक बॅग घेऊन चार महिने या मुलाकडे, चार महिने त्या मुलाकडे अशी फिरत होती. मागच्या वेळी ती भेटायला आली, तेव्हा बॅगेतून तिनं स्वतःची उशी काढली. ती उशी आजोबांच्या डोळ्यांपुढून हलेना. आपल्यामागे भिंगरीच्या आजीवर अशी वेळ येता कामा नये. मृत्युपत्र पक्कं हवं आणि ते करणारा वकील त्याहून पक्का!

“वकील निवडणं म्हणजे काय मोठंसं?” आजोबा म्हणाले. “चाळीस वर्षं माणसं तपासली आहेत मी! पेपर काढतो, परीक्षा घेतो, पहिला येईल त्याला काम. संपलं!”

“अहो, त्यापेक्षा आधी स्वयंपाकघरातला नळ...” आजी म्हणाली.

“नळाचं नंतर!”

“नंतर नाही. मी प्लंबरला फोन केलाय. शनिवारी अकराला येतो म्हणालाय.”

पण आजोबा तोवर प्रश्न लिहायला लागले होते. लिहिताना त्यांना ऐकू येत नसे.

प्रश्न असा होता: ‘एक गृहस्थ. वय चौऱ्याहत्तर. घर एक, मुलगे दोन, पत्नी एक. गृहस्थांच्या माघारी पत्नीला तिच्या मनाविरुद्ध कोणीही घरातून हलवू नये. तर मृत्युपत्र कसे कराल? (९५ गुण. सुवाच्य अक्षराचे ५.)’

मग आजोबांनी चार वकिलांना फोन केले. परीक्षेचं कोणालाच सांगितलं नाही. “जरा बोलायचं होतं. शनिवारी अकराला या,” एवढंच.

शनिवारी पावणेअकराला पहिले वकील आले. टाय लावलेले, चकचकीत बुटांचे. तीन जिने चढून त्यांचा श्वास इतका चढला होता, की बिचाऱ्यांना ‘हे काय चाललंय?’ असं विचारताच आलं नाही. भिंगरीनं त्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं.

दुसरे वकील दारातच थबकले. पन्नाशीचे, टक्कल पडलेले.

“सर, तुम्ही?”

“सातवी ब!” आजोबा ओरडले. “शेवटचा बाक! इतिहासाच्या पेपरात तुझ्या मोज्यात चिठ्ठी सापडली होती!”

“हो सर,” म्हणत वकील मान खाली घालून शिवणयंत्राशी जाऊन बसले. एवढे मोठे वकील, पण पाय एकदम चुळबूळ करायला लागले.

तिसऱ्या होत्या एक तरुण वकीलबाई. हेल्मेट काखेत. त्यांनी पाटी वाचली, भिंगरीकडे बघून हसल्या आणि इस्त्रीच्या टेबलाशी निमूट बसल्या.

अकराच्या ठोक्याला पुन्हा बेल वाजली. दारात खांद्याला पिशवी अडकवलेला एक माणूस.

“नमस्कार. मला अकराला बोलावलं होतं. कुठे...”

“वक्तशीर! शाबास!” आजोबांनी त्याच्या दंडाला धरून त्याला थेट कॅरम बोर्डपाशी नेलं. “बसा! पेन्सिल घ्या!”

“पण साहेब, मी तर...”

“परीक्षा सुरू झाली आहे! एक शब्द नाही!”

ओळखलंत ना तो कोण होता? तुम्ही ओळखलंत, भिंगरीनंही ओळखलं. तिनं बोट वर केलं.

“आजोबा, हे काका...”

“पर्यवेक्षकानं बोलायचं नसतं!”

भिंगरीनं बोट खाली घेतलं. चौथे वकील मात्र आलेच नाहीत. बहुधा त्यांना परीक्षेचा वास लागला असावा.

दहा मिनिटं खोलीत नुसती पेन्सिलींची कुरकुर. टायवाले वकील सुसाट सुटले होते. “पुरवणी!” ते म्हणाले. भिंगरीनं दिली. “पुरवणी!” आणखी एक दिली. सातवी ब मात्र पेन्सिल चावत बसले होते. वकीलबाई खोलीभर नजर फिरवत होत्या. दारामागची काठी त्यांनी पाहिली, खिडकीतली गुडघ्याच्या तेलाची बाटली पाहिली आणि सात ओळी लिहिल्या.

आणि कॅरम बोर्डवरचे काका? त्यांनी कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. हल्लीच्या लोकांना सगळं लेखी लागतं, असं मनाशी म्हणून त्यांनीही लिहायला घेतलं.

इतक्यात आतून आजीचा आवाज आला. “अहो! तो आला का?”

“शांतता!”

“अहो, नळ पार निसटलाय! मी बोट लावून उभी आहे!”

“मग उभी राहा! वीस मिनिटं उरलीत!”

बिचारी आजी! एका बोटानं किती वेळ थोपवणार? धडाम् असा आवाज झाला आणि स्वयंपाकघरातून पाण्याचा ओहोळ निघाला. तो पहिल्यांदा टायवाल्यांच्या चकचकीत बुटांना भेटला.

“अहो, पाणी!” टायवाले ओरडले.

“पाणी प्यायला परवानगी नाही!”

“प्यायला नाही हो! पायाशी!”

चौघांनी पाय वर घेतले. सातवी ब तर खुर्चीवर मांडी घालून बसले आणि वळता वळता त्यांची नजर कॅरम बोर्डवर गेली. चाळीस वर्षांची जुनी सवय! नजर गेली ती परत येईना. पेन्सिल भराभर चालू लागली.

शेवटी कॅरमवाले काका पिशवी घेऊन उठलेच.

“परवानगीशिवाय आत जायचं नाही!” आजोबा गरजले.

“मग तुमच्या खालच्या मजल्यावर नदी जाईल साहेब!” असं म्हणून काका स्वयंपाकघरात धावले. एक पाना फिरल्याचा आवाज झाला आणि पाणी थांबलं.

आजोबांना अजूनही उलगडा झाला नव्हता. “या वकिलाला नळाचंही कळतं!” ते कौतुकानं म्हणाले. त्यांनी कॅरमवरचा कागद उचलला आणि मोठ्यानं वाचला. “वॉशर झिजला आहे. नवीन टाकावा लागेल. तोपर्यंत मेन कॉक बंद ठेवा.”

आजोबांनी हळूच सातवी ब यांचा कागद उचलला. “वॉशर बदलल्याशिवाय हे मृत्युपत्र कोर्टात टिकणार नाही. मेन कॉकचाही विचार व्हावा.”

“सर,” सातवी ब पुटपुटले, “मला वाटलं, काहीतरी नवीन कायदा आला असेल.”

टायवाल्यांनी सहा पुरवण्या दिल्या. त्यातलं पहिलंच वाक्य दीड पानाचं होतं. ते संपेपर्यंत आजोबा त्याची सुरुवात विसरले. आणि वकीलबाईंच्या कागदावर उत्तरच नव्हतं, नुसते प्रश्न होते.

“शून्य!” आजोबा म्हणाले. “विद्यार्थ्यानं परीक्षकाला प्रश्न विचारायचे नसतात!”

“बरं,” वकीलबाई हेल्मेट घालत म्हणाल्या. “तुमची उत्तरं लिहून झाली की फोन करा. त्याशिवाय मला एक ओळही लिहिता येणार नाही.”

सगळे गेले. संध्याकाळपर्यंत फरशी पुसून झाली. आजोबा खुर्चीत बसले होते. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांची अख्खी परीक्षा नापास झाली होती.

“आता वकील कुठून आणू?” ते हळूच म्हणाले. आवाजात ती बॅग होती, ती उशी होती.

भिंगरीनं वकीलबाईंचा कागद आजोबांपुढे ठेवला. पेन्सिलीला टोक काढून हातात दिलं. लाल पेन्सिल आजीला दिली.

“अर्धा तास,” ती म्हणाली. “सुरू करा!”

आजोबांना हसू आलं. बरं, करू या तिच्या समाधानासाठी! पहिला प्रश्न: ‘पत्नीला कोठे राहायला आवडेल?’ त्यांनी छाती फुगवून लिहिलं: ‘याच घरात.’

भिंगरीनं कागद आजीकडे नेला. आजीनं चष्मा लावला, उत्तर वाचलं आणि भलीमोठी लाल फुली मारली.

“चूक?” आजोबा उडालेच. “कसं चूक? मग बरोबर काय?”

“आजी, सांगायचं नाही! परीक्षा चालू आहे!” भिंगरी ओरडली. “पुढचा प्रश्न!”

पुढचा प्रश्न होता: ‘हे त्यांना कधी विचारले आहे का?’

आजोबांची पेन्सिल थांबली. त्यांनी दारामागच्या काठीकडे पाहिलं. खिडकीतल्या तेलाच्या बाटलीकडे पाहिलं. तीन जिने मनातल्या मनात चढून पाहिले, गुडघे आजीचे घेऊन. मग अगदी बारीक अक्षरात लिहिलं: ‘नाही.’

आजीनं त्यावर बरोबरची खूण केली. सुवाच्य अक्षराचे पाचही दिले.

“बाकीचे पाच प्रश्न?” आजोबांनी केविलवाण्या आवाजात विचारलं आणि चोरून आजीकडे बघितलं, अगदी सातवी ब बघायचे तसं.

मग भिंगरीनं काय केलं माहीत आहे? ती आजोबांच्या खुर्चीमागे गेली आणि सगळा जोर लावून ढकलत ढकलत ती खुर्ची आजीच्या खुर्चीला चिकटवली. दारावरची पाटी काढली, उलटी करून ठेवली. आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

“आजच्या दिवस कॉपी चालेल,” ती म्हणाली. “मी बघत नाहीये.”